पाचवीतला तो मुलगा आणि शेजारची इंग्रजी शाळा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रियेखाली नाव नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

मुंबईतल्या पालिका शाळांच्या निकालावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं : तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचा मुलगा पालिकेच्या मराठी शाळेत पाचवीला आहे आणि त्याला दुसरीचा उतारा वाचता येत नाही. त्याच वस्तीतली मुलं घेणारी शेजारची इंग्रजी शाळा मात्र बरी चालते. पाचवीच्या निम्म्या मुलांना दुसरीचं वाचता येत नाही, असं मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणारा 'असर'चा अहवालही सांगतो. तेव्हा 'आधी मुलं कुठल्या घरातून येतात ते बघा' हे माझं म्हणणं म्हणजे लठ्ठ पगाराच्या शिक्षकांना पाठीशी घालणं, आणि मी त्याच पंगतीतली असल्यामुळे ते साहजिक आहे.

पंगतीतली आहे, खरंय. २९ वर्षं पालिकेच्या शाळेत प्राथमिकला शिकवलं, सातवा वेतन आयोग घेऊन निवृत्त झाले. टोमणा बरोबर बसला. बाकीचं एकेक बघू.

'असर'चं आधी उरकते. ते सर्वेक्षण ग्रामीण भागाचं आहे. स्वयंसेवक गावागावात घरी जाऊन मुलांना वाचायला लावतात. दुसरीचा मजकूर वाचू शकणारी पाचवीची मुलं २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, करोनानंतर २०२२ मध्ये ४२.८ टक्के. हे आकडे सरकारी आणि खाजगी शाळा मिळून, देशभरातल्या खेड्यांचे. गोवंडी, मालवणी, धारावीतलं एकही मूल त्यात नाही. टीव्हीवरच्या चर्चेतही ते पालिका शाळांच्या माथी मारले जातात, त्यामुळे तुमचा एकट्याचा दोष नाही.

आता शेजारची शाळा. 'त्याच वस्तीतली मुलं' इथेच सगळी मेख आहे. गल्ली एक असली तरी घरं एक नसतात. ज्या घरात बाप महिन्याच्या पगारावर आहे, मुलं दोनच आहेत, आई दहावीपर्यंत शिकलेली आहे, ते घर फी भरून इंग्रजी शाळेत जातं. नाक्यावर काम मिळालं तर चूल पेटणारं, मोठ्या मुलीला धाकट्याला सांभाळायला घरी ठेवणारं घर आमच्याकडे येतं. शिक्षण हक्क कायद्यानं प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घ्यायला बंदी केली, पण फी ती चाळणी आयतीच लावून देते. आमच्या वर्गात बहात्तरच्या दुष्काळात जालना-बीडकडून आलेल्यांची नातवंडं होती, घरी वडारी किंवा बंजारा बोलणारी होती, आणि मराठी शाळा घराजवळ म्हणून आलेली, घरी भोजपुरी बोलणारीही होती. पुस्तकातली मराठी यांतल्या बऱ्याच जणांची घरची नव्हेच.

आणि वाहतूक एकाच दिशेनं होत नाही. दर जूनमध्ये एखादी आई इंग्रजी शाळेचा दाखला घेऊन दारात उभी असायची. असाच एक मुलगा चौथीला आला. अक्षर मोत्यासारखं. बारा महिन्यांची इंग्रजी नावं फळ्यावर रांगेत लिहून दाखवली. 'मार्च'वर बोट ठेवून हे काय, म्हणून विचारलं, तर पुन्हा 'जानेवारी'पासून म्हणत आला. पाठ होतं, वाचता येत नव्हतं. फी थकली होती, तो मागे पडला होता, बाईंनी 'झेपत नाही, तिकडे घाला' असं सांगितलं होतं. त्या दिवसापासून त्या शाळेची सरासरी एका मुलानं सुधारली आणि आमची एका मुलानं घसरली. दोन्हीकडच्या शिक्षकांनी काहीही केलेलं नसताना.

एका वर्षी माझ्या पटावर जूनमध्ये ३८ मुलं होती, मार्चमध्ये ३६. कागदावर दोन कमी. प्रत्यक्षात नऊ दाखला घेऊन गेली होती : झोपडं तुटलं, खोलीचं भाडं वाढलं, बापाचं काम भिवंडीला गेलं. सात नवी आली होती, त्यांतली दोन थेट दिवाळीनंतर. वार्षिक सरासरी त्या ३६ जणांची निघाली. ती कुणाची होती म्हणायची?

हीच फूटपट्टी मी पालिकेलाही लावते, तेव्हा कुणाला आवडत नाही. २०२० पासून मुंबई पब्लिक स्कूलच्या नावानं सीबीएसई शाळा सुरू झाल्या, प्रवेशाला गर्दी झाली, सोडती काढाव्या लागल्या. छान आहेत त्या शाळा. पण वेळेत अर्ज भरून सोडतीकडे डोळे लावून बसणारे पालक त्या पटावर आहेत. त्यांचा निकाल दाखवून 'बघा, पालिका सुधारली' म्हणायचं आणि वस्तीतल्या मराठी-उर्दू शाळांना नावं ठेवायची, हा तुमच्याच हिशेबाचा सरकारी अवतार झाला.

इथवर माझी बाजू. आता तुमची, कारण तुमच्या रागात तथ्य आहे.

मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत 'प्रथम' संस्थेचा बालसखी नावाचा कार्यक्रम होता. वर्गात मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास बाजूला काढायची आणि वस्तीतल्याच एखाद्या मुलीनं त्यांना अक्षर-अंकांपासून शिकवायचं. तिचं मानधन महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, ज्यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं, त्यांनी सहकाऱ्यांसह याची तपासणी केली, ती २००७ मध्ये छापून आली. घरं तीच, गरिबी तीच, आणि तरी मुलांची प्रगती झाली, सर्वात जास्त तळातल्यांची. कार्यक्रम थांबल्यावर फायदा बराचसा ओसरलाही, पण झाला होता हे खरं.

त्यात आम्हा शिक्षकांना लागणारी आणखी एक गोष्ट आहे. ती मुलं दोन तास बाहेर गेल्यावर वर्गात उरलेल्यांची गर्दी कमी झाली, शिक्षकाला उसंत मिळाली. त्या उरलेल्यांच्या गुणांत काही फरक पडला नाही. मागच्या लेखात मी पटसंख्येचं जे रडगाणं गायलं, त्यातली हवा यानं बरीच गेली. वर्ग लहान झाला तरी बाई तोच धडा त्याच वेगानं पुढे रेटत असतील, तर मागच्या बाकावरच्याला काय मिळणार? मीही वर्षानुवर्षं तेच केलं. अभ्यासक्रम पूर्ण झाला की नाही हे विचारायला साहेब यायचे; कोण कुठे अडलंय हे कुणी विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलंही नाही.

तुमच्या ताईंच्या मुलाचं प्रगतिपुस्तक मागून बघा. बहुधा 'ब' श्रेणी असेल. असे 'ब' मी स्वतः दिले आहेत. २०१० नंतर वर्षभराच्या कामावरून श्रेणी देणारं सातत्यपूर्ण मूल्यमापन आलं. 'ड'च्याही खालची श्रेणी द्यायची तर जादा मार्गदर्शन करून त्या मुलाला निदान 'ड'पर्यंत आणायचं, असा नियम. नियम चांगला होता. पण मार्गदर्शनापेक्षा 'ब' लिहिणं सोपं होतं. तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम यांचे गुण हातचे असतातच. त्या आईनं पाच वर्षं 'ब' बघितला आणि पोरगं शिकतंय असं समजून ती तुमच्या घरची भांडी घासत राहिली. गरिबीनं हे केलं नाही. ते आम्ही केलं.

म्हणून मला शाळेची सरासरी नको, आणि माफीही नको. जूनमध्ये अक्षर ओळखणारं मूल एप्रिलमध्ये वाक्य वाचतं का, एवढं त्याच मुलाचं त्याच्याशी ताडून बघा. तिथे मी नापास ठरले तर खुशाल नावं ठेवा.

तुम्ही दिलेल्या माहितीत एक गोष्ट राहिली आहे. 'उतारा वाचता येत नाही' म्हणजे नेमकं कुठे अडतो? ताईंना सांगून रविवारी त्याला बोलवा, पहिलीचं पुस्तक पुढे ठेवा आणि शेजारी बसा, समोर नको. 'कमळ', 'बदक' सुटतं का? मग 'मामा', 'पाटी'? काना-वेलांटीवर गाडी थांबते, की थेट जोडाक्षरावर? पहिल्या प्रकाराला वेळ लागेल. दुसरा असेल तर दिवाळीच्या सुट्टीत काम होण्यासारखं आहे, मी घरीच असते. कळवा.