पंधराशे रुपयांची वाकळ

पँट धुवायला टाकली, पण खिशातलं बिल काढून ठेवलंय. त्यात शेवटची ओळ आहे : 'ल्यूर लॉस – 250', म्हणजे गळाला लावायचा खोटा मासा हरवल्याचे. ती वाचली की अजून डोकं फिरतं.

दिवाळीला पुण्याहून मेहुणा आला आणि म्हणाला, "दाजी, जेवणखाण दरवर्षीचंच. या खेपेला काहीतरी एक्सपिरियन्स घेऊ." म्हणून खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या काठी एका रिसॉर्टात गेलो. गाईडेड फिशिंग, दोन तास, माणशी पंधराशे. आम्ही बेळगावचे लोक मासे खायला पैसे मोजतो, ते ठीक. इथं धरायला मोजायचे, आणि धरलेला मासा फोटो काढून परत पाण्यात सोडायचा! मुलगी बघायला जाऊन, पोहे खाऊन, वर मांडवाचं भाडं देऊन यावं, तसलं.

गाईड पंचविशीतला पोरगा. टोपी, गॉगल आणि कुजबुजतं इंग्लिश. "सर, नो स्टॅम्पिंग." माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेघ असते, तिच्यातून त्याला पाण्यातली थरथर कळते, काठावर पाय आपटला तरी तो पळतो, हे त्यानं इतक्या हळू सांगितलं की मी श्वाससुद्धा आवरला.

तेवढ्यात धप्प!

वरच्या अंगाला खडकावर एक आजी वाकळ बडवत होती. साधी नाही, चार लुगड्यांची, भिजून म्हशीएवढी झालेली वाकळ. धप्प. धप्प.

गाईडनं हात जोडले. "मॅडम, प्लीज. सायलेन्स."

दांडकं हवेत थांबलं. "कुणाला म्याडम म्हणालास रे बाळ्या? सकाळी भाकरी न खाताच पळालास न्हवं?"

गाईडचा गॉगल एकदम मोठा दिसायला लागला. आजी त्याची सख्खी आजी होती.

"आज्जे, गप की. गिऱ्हाईक हाय," बाळ्या शुद्ध खानापुरी मराठीत कळवळला. तासभर हा माणूस आमच्याशी इंग्लिश बोलत होता! मीही त्याला इंग्लिशमधूनच उत्तरं देत होतो, ती व्याकरण सांभाळण्याची मेहनत कोण भरून देणार?

आजीनं मोर्चा माझ्याकडं वळवला. "काय करालासा?"

"मासे धरतोय."

"किती घावलं?"

"एकही नाही."

"किती दिलासा?"

"पंधराशे. माणशी."

आजीनं दांडकं खाली ठेवलं. "बाळ्या, आणि तुला किती देतात?"

बाळ्या पाण्याकडं बघत राहिला. "तीनशे. दिवसाला."

हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्या 'तीनशे'नंतर मला हसू आलं नाही. दोघांचे तीन हजार, दिवसाला असल्या चार जोड्या तरी येत असणार, आणि नदी काही रिसॉर्टवाल्यानं खणलेली नाही. ती कणकुंबीला उगवते. त्याच तालुक्यात देगावजवळ म्हादई उगवून गोव्याकडं जाते. तिचं पाणी मलप्रभेत वळवण्यावरून वर्षानुवर्षं भांडण. 2018 साली लवादानं कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यातलं 3.9 इकडं वळवायला. तरी भांडण आहेच. गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र अशी तीन राज्यं ज्या पाण्याचा थेंब थेंब मोजतात, त्यात मला दोन तासांत एक चिलापी लागू नये? 1952 साली बाहेरून देशात आणलेला मासा, आता सोडलेल्या गुरासारखा कुठल्याही तळ्यात दिसतो. मलाच तेवढा दिसला नाही.

असो. मेहुण्यानं चिडून गळ जोरात फेकला. दोरी ताणली, काठी वाकली. "लागला! दाजी, मोठाय!"

लागली ती वाकळ. आजी ती खळबळायला पाण्यात सोडत होती, आणि गळाला बांधलेला हिरवा प्लॅस्टिकचा मासा ठिगळात रुतून बसला होता. बाळ्यानं दोरी कापली.

"आता पिळू लागा," आजी म्हणाली. मेहुण्याचा फोन तेवढ्यात नेमका वाजला. राहिलो मी.

वाकळ पिळायला दोन माणसं लागतात, हे मला माहीत होतं. दोघांनी उलट्या दिशेनं पिळायचं असतं, हे माहीत नव्हतं. मी आजीच्याच दिशेनं पीळ देत होतो, त्यामुळं वाकळ नुसती गोल फिरत होती, पाणी टिपूसभर नाही. "उलटं रे! उलटं! लगीन झालंय न्हवं तुझं?" मग उलटं केलं. मधोमध एक जाड गाठ आली आणि तिच्यातून तांबूस पाणी धो धो माझ्या नव्या बुटांत उतरलं. दोन तासांतली शेवटची पंचवीस मिनिटं यात गेली. बाळ्या घड्याळ बघत होता. वेळ संपल्यावर त्यानं गॉगल चढवला आणि म्हणाला, "होप यू एन्जॉइड, सर."

काउंटरवर ते 250 लावले. म्हटलं, गळ मी नाही, मेहुण्यानं टाकला होता. काउंटरवाला म्हणाला, बुकिंग तुमच्या नावावर आहे.

तो प्लॅस्टिकचा मासा आजीनं दातानं टाका तोडून सोडवला होता आणि कनवटीला लावला होता, नातवाच्या पोराला खेळायला. दिवसभरात कुणाच्या घरी गेलेला मासा तो तेवढाच.

मेहुणा गाडीत म्हणाला होता, निम्मे मी देतो. सोमवारी तो पुण्याला गेला. आज शुक्रवार.