इग्वासूला जाताना चिवडा किती न्यावा

अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या सीमेवर, घनदाट वर्षावनात, इग्वासू नावाचा धबधबा आहे. नाशिकचा माणूस तो बघायला निघालाच, तर त्याने घरूनच एक गोष्ट ठरवून जावी: काही झालं तरी भारावून जायचं नाही. दोन देशांचे दोन व्हिसा काढायचे, विमानं बदलत अर्धी पृथ्वी ओलांडायची आणि तिथे जाऊन 'अहाहा' करायचं, म्हणजे परत आल्यावर गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, तोंड दाखवायची सोय राहत नाही.

तयारीला लागा. पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान १० दिवस घ्यावी लागते आणि तिचं पिवळं कार्ड जपून ठेवावं लागतं. गंमत अशी की ते कार्ड खरं लागतं परतताना. नसेल तर आपल्याच विमानतळावर आपलेच लोक सहा दिवसांपर्यंत वेगळं बसवून ठेवू शकतात. आमच्या सहल कंपनीने हे सांगितलं नव्हतं. बॅगेला लावायच्या फुलाफुलांच्या रिबिनी मात्र आठवणीने दिल्या होत्या.

आता आकडे. तिथले लोक सांगतील की इथे एक नाही, सुमारे २७५ धबधबे आहेत, २.७ किलोमीटर रुंदीत पसरलेले, सगळ्यात उंच ८० मीटरच्या आसपास. शांतपणे ऐकून घ्यावं आणि विचारावं, "एवढे कशाला?" आपल्याला नाशिकचा एक सोमेश्वर धबधबा पुरतो, तोही गंगापूर धरणातून पाणी सोडलं तर. शिवाय इग्वासूला म्हणे बाराही महिने पाणी असतं. यावर तर मुळीच भाळू नये. आपली धबधब्याची दुगारवाडी कशी, चार महिने मिरवते आणि नंतर कोरड्या कातळावर बसून पुढच्या आषाढाची वाट बघते. बारा महिने वाहणाऱ्या पाण्याला आमच्या कॉलनीत पाइपलाइन फुटली म्हणतात.

दगडाच्या बाबतीत आपली बाजू भक्कम आहे. इग्वासूच्या पायऱ्या बेसॉल्टच्या, सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांच्या. त्र्यंबकचा ब्रह्मगिरी डोंगरही बेसॉल्टचाच, फक्त साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. गाइडला सांगावं, आमचा माल निम्म्या वयाचा आहे. पण नदीचा विषय निघाला की जपून. इग्वासू नदी ब्राझीलमध्ये अटलांटिकच्या जवळच्या डोंगरांत उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून पश्चिमेला, आत आत जाते. आपली गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर, त्र्यंबकला उगवते आणि पूर्वेला थेट बंगालच्या उपसागरापर्यंत, १४६५ किलोमीटर चालत जाते. शेजारचं किराणा दुकान सोडून रविवार कारंजावर जाणाऱ्या आमच्या आत्यासारख्या दोघी. हे लक्षात आलं की दोन मिनिटं गप्प बसावंसं वाटतं. बसू नये. ग्रुप पुढे निघून जातो.

नावाबद्दल मात्र हळहळ व्यक्त करायला हरकत नाही. इग्वासू म्हणजे ग्वारानी भाषेत 'मोठं पाणी'. बस, एवढंच. दंतकथा चांगली आहे: नाईपी नावाची मुलगी तारोबाबरोबर होडीतून पळाली, सर्पदेव चिडला आणि त्याने नदीच चिरून टाकली. आंतरजातीय विवाहाला विरोध करणारे आपल्याकडेही आहेत, पण पाटबंधारे खात्याचं काम सहसा हातात घेत नाहीत.

सोयींच्या नावाने शंख आहे. उद्यान अर्जेंटिनाने १९३४ साली केलं, ब्राझीलने १९३९ साली, आणि एवढ्या वर्षांत धबधब्यापाशी कणसं भाजणारी एक गाडी उभी राहू नये? कांदाभजी नाही, स्पीकर नाही, काठावर फुटक्या बाटल्यांच्या काचा नाहीत. सगळीकडे कठडे, आणि लोक चक्क कठड्याच्या आत उभे राहतात. आपल्याकडे पहिनेच्या धबधब्यांवर रविवारी पोलीस शिट्ट्या फुंकून दमतात, तिथे शिट्टीच नाही. करमत नाही हो.

खाण्याचं सांगतो, कारण इथे मी पोळलोय. नाशिकहून निघताना तीन किलो चिवडा घेतला होता. तिथे कोआटी नावाचं जनावर आहे. लांब हलतं नाक, गोल पट्ट्यांची शेपूट, आणि ती शेपूट दिंडीतल्या पताकेसारखी उभी धरून वीस-पंचवीस जणांचा जथा चालतो. कोआटीने फाडलेल्या हाताचा फोटो असलेला फलक जागोजागी आहे, खायला घालू नका, असा. मी तो वाचला. पण ज्याने वणीच्या गडावर माकडांसमोरून पेढ्यांचा बॉक्स सहीसलामत नेला आहे, त्याला असले फलक लागू होत नाहीत असं माझं मत होतं. टेबलावर पुडा ठेवून मी चष्मा पुसायला घेतला. चष्मा डोळ्यांवर चढला तेव्हा एक कोआटी टेबलावर होतं आणि पुडा उभा चिरलेला होता. पोहे गेले, दाणे गेले, खोबऱ्याचे काप गेले. कढीपत्ता तेवढा नाकाने बाजूला सारून ठेवला. आमचा धाकटाही तेच करतो.

शेवटी 'गार्गांता देल दिआब्लो', म्हणजे सैतानाचा घसा. जंगलातल्या छोट्या आगगाडीतून उतरलं की नदीवरून अकराशे मीटरचा लोखंडी पूल चालायचा. खाली पाणी इतकं संथ की वाटतं, फसवलं आपल्याला. आणि मग एका वळणाशी ती सबंध तपकिरी नदी खाली जाते. कुठे जाते ते दिसत नाही, कारण खालून पांढरं वर येत असतं. त्या पांढऱ्यातून पाकोळ्या सुटतात आणि सरळ पाण्याच्या पडद्यात घुसतात. पडद्यामागच्या ओल्या कातळावर त्यांची घरटी असतात. एक पाकोळी घुसताना मी पाहिली आणि ती बाहेर येईपर्यंत थांबायचं ठरवलं.

हे तुम्ही करू नका. तेवढ्या वेळात एक रील होते. धबधब्याकडे पाठ करा, हात लांब करा, आणि घरी व्हिडिओ कॉल लावा. तिथे दुपारचे दोन म्हणजे नाशिकला रात्रीचे साडेदहा, सगळे जागेच असतात. आईने बराच वेळ स्क्रीनकडे बघून विचारलं, "धुकं आहे का रे?"

आल्यावर गोदाघाटावर काका भेटले, दुतोंड्या मारुतीपाशी. गोदावरीचा पूर नाशिककर याच मूर्तीवर मोजतात, पाणी कुठवर चढलं ते बघून.

"पाणी किती होतं?"

"सेकंदाला लाखो लिटर."

"ते राहू दे. दुतोंड्या मारुतीच्या हिशेबाने सांग."

"डोक्यावरून."

"म्हणजे २०१९च्या पुरासारखं," काका म्हणाले. त्यांचं समाधान झालं होतं. "आणि चिवडा पुरला?"

"पुरला," मी म्हणालो.