उपासनेतला खरेपणा

जय ख्रिस्त.

गेल्या महिन्यात आमच्या मंडळीच्या सभेत दीड तास एकाच विषयावर चर्चा झाली. रविवारच्या उपासनेत ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली जुनी गीते पेटी-तबल्यावर म्हणायची, की तरुण मुलांच्या मागणीप्रमाणे गिटार आणि की-बोर्डच्या साथीने, पडद्यावर शब्द दाखवून नवी गीते घ्यायची, हा तो विषय. दोन्ही बाजूंची माणसे कळकळीने बोलत होती. वडीलधाऱ्यांना वाटत होते की नारायण वामन टिळकांची भजने सुटली तर आपल्या मराठी ख्रिस्ती भक्तीचा कणाच सुटेल. मुलांना वाटत होते की जे शब्द आपल्या तोंडी बसत नाहीत ते देवापुढे म्हणणे हे नुसते पाठांतर आहे. दोघांचेही म्हणणे मला पटत होते आणि तरीही काहीतरी मूळचेच राहून जात आहे असे सारखे जाणवत होते. घरी आल्यावर मी योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडला, कारण उपासना कोठे आणि कशी करावी हा वाद तेथेही आहे, आणि तो खुद्द प्रभूपुढे काढलेला आहे.

सूखार गावाजवळच्या विहिरीवर भर दुपारी पाण्याला आलेली ती शोमरोनी स्त्री येशूला विचारते की आमच्या पूर्वजांनी याच डोंगरावर उपासना केली आणि तुम्ही यहूदी म्हणता की उपासनेचे स्थान यरुशलेमात आहे, तर खरे काय? हा डोंगर म्हणजे गरिज्जीम. त्यावर शोमरोन्यांचे मंदिर होते आणि इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहूदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने ते पाडले होते. म्हणजे तिचा प्रश्न पोकळ नव्हता; त्याच्यामागे उद्ध्वस्त मंदिर आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते. प्रभू तिला सांगतो की खरे उपासक ‘आत्म्याने व खरेपणाने’ पित्याची उपासना करतील अशी वेळ येत आहे, किंबहुना आलीच आहे. हे वचन आपल्याकडे भिंतीवर लावलेले असते, पत्रिकांवर छापलेले असते, पण त्याच्या आधीच्या चार-पाच ओळी आपण फारशा वाचत नाही. त्या ओळींत येशूने तिला नवऱ्याला बोलावून आणायला सांगितले आहे आणि ती म्हणाली आहे, ‘मला नवरा नाही.’ त्यावर प्रभू तिला धिक्कारत नाही. तुला पाच नवरे होते आणि आता जो आहे तो तुझा नवरा नाही, हे तू खरे सांगितलेस, असे तो म्हणतो. उपासनेतल्या खरेपणाचा शब्द उच्चारण्याआधी प्रभूने त्या बाईच्या आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट उघड केली, आणि तिने अर्धवट का होईना जे सत्य सांगितले होते त्याची दखल घेतली. मला वाटते, त्या वचनाचा अर्थ याच क्रमात दडलेला आहे. आपण आहोत तसे देवापुढे उभे राहणे, काहीही झाकून न ठेवणे, हा खरेपणा आहे. बाकी डोंगर कोणता, पेटी की गिटार, हे प्रश्न त्याच्या नंतरचे आहेत.

येथे एक गल्लत नेहमी होते, ती स्पष्ट केली पाहिजे. खरेपणा म्हणजे भावनेचा जोर, असे आपण धरून चालतो. ज्याचे डोळे भरून आले, ज्याने हात उंच केले, ज्याचा आवाज मोठा झाला त्याची उपासना मनापासूनची, आणि मागच्या बाकावर मान खाली घालून शांत बसलेल्याची केवळ रिवाजाची, असा आपला हिशेब असतो. मंदिरात आलेला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी, आणि जकातदार यांच्या प्रभूने सांगितलेल्या दाखल्यात जकातदार दूर उभा आहे, वर पाहण्याचेही त्याला धैर्य होत नाही, आणि त्याची प्रार्थना अवघी एका वाक्याची आहे. परूशी मात्र भरपूर बोलतो. तो जे बोलतो तेही खोटे नाही. तो खरोखरच आठवड्यातून दोनदा उपास करीत असेल, दशांशही देत असेल. पण त्याच्या प्रार्थनेत तो स्वतः नाही. त्याने स्वतःचे एक चित्र काढून देवापुढे ठेवले आहे, आणि त्या चित्राला गरज कशाचीच नाही.

आपल्या मातीतले उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे, आणि ते मला फार जवळचे वाटते. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. मुंबईत 1889 मध्ये त्यांनी शारदा सदन सुरू केले. बाहेरून पाहणाऱ्याला त्या तेव्हाही पूर्ण ख्रिस्तीच होत्या: उपासनेला जात होत्या, शास्त्र वाचत होत्या, विधवांसाठी झिजत होत्या. पण पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनीच लिहून ठेवले आहे की या काळात आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, आणि ही गोष्ट बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आली. एवढ्या विदुषीने, जिच्या शब्दाला देशात आणि परदेशात मान होता तिने, आपल्या आठ वर्षांच्या धर्माचरणाविषयी असे उघडपणे लिहावे, हे मला त्यांच्या कोणत्याही संस्थेपेक्षा मोठे वाटते. ते लिहिणे हीच माझ्या मते त्यांची खरेपणाची उपासना होती. पुढे त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मोठे उज्जीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झाले. दुष्काळातून वाचलेल्या मुली तासन्‌तास रडून आपली पापे कबूल करीत होत्या, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत होत्या. त्या अश्रूंना मी कमी लेखत नाही. पण त्याच मुली विणकाम करीत होत्या, शेत राखीत होत्या, छापखान्यात खिळे जुळवीत होत्या, आणि त्यांच्यातल्या कित्येक जणी आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला जात होत्या. जुन्या कराराच्या इब्री भाषेत ‘अवोदा’ हा एकच शब्द काम, चाकरी आणि उपासना या तिन्ही अर्थांनी येतो. मूळ इब्री आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणणाऱ्या रमाबाईंना तो शब्द पदोपदी भेटला असणार. अक्षरओळख नसलेल्या खेड्यातल्या बाईलाही ऐकून कळावे म्हणून त्यांनी त्या भाषांतरात साधी मराठी धरली आणि 1922 मध्ये मृत्यू येण्याच्या थोडे आधीपर्यंत ते काम चालवले. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिले होते की मी आत्म्याने गाईन आणि बुद्धीनेही, म्हणजे समजून, गाईन. आमच्या सभेतली मुले जे सांगू पाहत होती ते बहुधा हेच होते, आणि म्हणून त्यांचे बोलणे मला उद्धटपणाचे वाटले नाही.

मात्र कळणाऱ्या भाषेत, गोड चालीवर आणि भरल्या मनाने केलेली उपासनाही देव नाकारू शकतो, हे शास्त्रात इतक्या स्पष्टपणे लिहिले आहे की आपण ते टाळूनच पुढे जातो. संदेष्टा आमोस हा तकोवाचा मेंढपाळ. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात इस्राएलात सुबत्ता होती, बेथेलच्या वेदीवर अर्पणे येत होती, गायन-वादन चालले होते. आणि देव त्याच्या तोंडून म्हणतो की तुमच्या सणांचा मला तिटकारा आहे, तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. कारणही तोच सांगतो. ही माणसे शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, पाळतात, पण शब्बाथ केव्हा संपतो आणि धान्याचे कोठार केव्हा उघडता येते याकडे त्यांचे लक्ष असते. त्यांचे माप लहान आहे, वजन खोटे आहे, आणि पायातल्या एका जोड्याच्या किमतीत ती गरिबाला विकत घेतात. म्हणजे उपासनेत मन लागत नाही एवढीच तक्रार नाही. सोमवारी तराजूत जे घडते ते रविवारी वेदीवर आलेले असते, आपण ते आणले नाही असे समजत असलो तरी.

हेच प्रभुभोजनाविषयीही खरे आहे. करिंथच्या मंडळीत सुखवस्तू लोक आधी येऊन आपापले जेवून घेत आणि राबून उशिरा येणारे उपाशी राहत. पौल त्यांना लिहितो की तुम्ही एकत्र जमून जे जेवता ते प्रभूचे भोजन नव्हेच. भाकर तीच, द्राक्षारस तोच, शब्दही तेच, आणि तरीही ते प्रभूचे भोजन नाही! महाराष्ट्रात ज्या पिढीने प्रथम एका भाकरीत वाटा घेतला तिच्यासाठी ही पंगत लहान गोष्ट नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांनी सोवळ्याओवळ्याच्या ज्या कडक जगातून बाहेर पडण्याची हकीगत सांगितली आहे, ते जग एका दिवसात सुटले नाही. नवऱ्याचा, म्हणजे नारायण वामन टिळकांचा, बाप्तिस्मा 1895 सालचा आणि त्यांचा त्यानंतर पाच वर्षांनी, 1900 सालचा. सव्वाशे वर्षांनंतर आपण प्रभुभोजनाच्या मेजापाशी शेजारी शेजारी गुडघे टेकतो, आणि मुलीचे स्थळ पाहताना हळू आवाजात विचारतो, ‘त्यांचे मूळ कोणते?’ हा प्रश्न मी माझ्या नातलगांच्या तोंडून ऐकला आहे आणि त्या वेळी मी गप्प राहिले आहे. असे प्रश्न विचारून, किंवा ते ऐकून गप्प राहून, आपण मेजाकडे जातो तेव्हा आपल्या हातात नेमके काय असते, याची मला भीती वाटते.

काही जण म्हणतील की मग ठरलेल्या छापील उपासनेत खरेपणा राहूच शकत नाही, जे आतून येईल तेच बोलावे. मला हे मान्य नाही. आतून येणारे शब्दही सवयीने गुळगुळीत होतात. आमच्याकडच्या उत्स्फूर्त प्रार्थनांतली निम्मी वाक्ये मला पाठ आहेत. उलट पापांगीकाराची छापील प्रार्थना माझ्याकडून दर रविवारी ते म्हणवून घेते जे मी होऊन कधीच म्हटले नसते. ‘आम्ही जे करावयाचे ते केले नाही’ ही कबुली मला सुचली नसती, कारण न केलेल्या गोष्टी मला आठवतच नाहीत. माझ्या आजीला अक्षर येत नव्हते. नेवासे तालुक्यातल्या एका लहानशा गावात ती राहत असे, आणि टिळकांची भजने तिने मंडळीत ऐकूनच पाठ केली होती. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेआधी ती एक गोष्ट नेमाने करी: दिवसभरात ज्याच्याशी तिचे वाजले असेल त्याचे नाव ती मोठ्याने घेई. शेजारीण, सून, दुकानदार, कोणीही असो. नाव घेतल्यावर ती थोडा वेळ थांबे, मग प्रार्थना सुरू होई. कधी कधी नाव घेऊन ती उठे, कंदील घेऊन बाहेर जाई, आणि आम्ही मुले तिची वाट पाहत बसत असू. ती कोठे जाते हे आम्हांला कोणी सांगत नसे.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले वचन मला कळले ते पुष्कळ उशिरा. तू आपले दान वेदीपाशी आणले असता, तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला तेथे आठवले, तर दान तेथेच ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. हे प्रभू गालीलात बोलत होता आणि वेदी होती यरुशलेमात. गालीलच्या शेतकऱ्याने दान वेदीपाशी ठेवून घरी जाऊन यायचे म्हणजे जाताना तीन-चार दिवसांची पायवाट आणि येताना तेवढीच. एवढा खर्च, एवढा खोळंबा, आणि तोवर वेदीवरचे दान तसेच. आणखी एक बारकावा मी कितीतरी वर्षे चुकीचाच वाचत आले होते. माझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे ते वचन म्हणत नाही. त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काही असेल तर, असे म्हणते. मी माफ केले आहे म्हणून माझे मन स्वच्छ आहे, अशी माझी समजूत होती. पण मी ज्याला दुखावले त्याच्या मनाचे काय, हा प्रश्न वेदीपाशी उभा राहतो.

माझ्या बाबतीत ते शब्दशः भावाचेच आहे. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून आमच्यात बोलणे झाले, आणि त्या रागात मी भाचीच्या लग्नाला गेले नाही. मंडळीतल्या सगळ्यांना मी तब्येतीचे कारण सांगितले. त्या रविवारीही मी गायकवर्गात उभी राहून गायले, आणि कोणी म्हणालेसुद्धा की आज तुमचा आवाज फार छान लागला. त्यानंतर एक वर्ष आणि चार महिने मी दर रविवारी उपासनेला गेले, दर महिन्याला प्रभुभोजन घेतले. शेवटी एका शनिवारी संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. दार वहिनीने उघडले. मी भाऊ समोर बसलेला असताना सांगितले की मी आजारी नव्हते, मी मुद्दाम आले नाही, आणि ते चूक होते. वहिनीने चहा ठेवला. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने वडिलांच्या जुन्या सायकलीची काहीतरी गोष्ट काढली आणि आम्ही तिच्याविषयीच बोलत राहिलो.

अजून सगळे सुरळीत झालेले नाही. तो आमच्याकडे आलेला नाही, आणि घराचा प्रश्न जिथल्या तिथे आहे. रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ या ओळीशी माझा आवाज आपोआप खाली येतो. पूर्वी ती ओळ मी इतरांबरोबर एका लयीत म्हणून टाकत असे. आता शेजारच्या बाकावरचे पुढच्या ओळीवर गेलेले असतात आणि मी अजून तिथेच असते.