वारा कुणी खायचा?

सायकलीच्या जगात पस्तिशी ओलांडलेल्या माणसाला मास्टर म्हणतात. प्रावीण्याशी याचा काही संबंध नाही. गुडघा वाजायला लागला की पदवी घरपोच. मी एकावन्न वर्षांचा, म्हणजे या हिशेबानं महामहोपाध्यायच. त्यामुळं कुपवाड एमआयडीसीत मास्टर्स गटाची क्रायटेरियम होणार असं कळल्यावर मी नाव देऊन मोकळा झालो.

‘क्रायटेरियम’ हा शब्द घरी पहिल्यांदा काढला तेव्हा आबांनी विचारलं, "जेवणाआधी का नंतर?"

गोळी नव्हे, शर्यत आहे, हे पटवायला थोडा वेळ गेला. छोटा बंद रस्ता, त्यावर फेऱ्या मारत राहायच्या. आमचा चौकोन १.२ किलोमीटरचा, चार वळणांचा. अर्धा तास पळायचं आणि वर ३ फेऱ्या.

"म्हंजे घाण्याचा बैल."

"हो, पण तासाला ३६ किलोमीटरनं."

"घाण्यातनं निदान तेल तरी निघतंय," आबा म्हणाले आणि पेपरात शिरले.

मी गणित केलं. एका फेरीला २ मिनिटं, म्हणजे साधारण १८ फेऱ्या आणि ७२ वळणं. ते कुणाला सांगितलं नाही. बायको मोजण्यात माझ्यापेक्षा हुशार आहे, तिनं लगेच ७२ भागिले हाडं केलं असतं.

तयारी जोरात होती. सायकलवाले पायांवरचे केस काढतात, असं एकानं सांगितलं. सलूनवाल्याला म्हटलं, पाय करायचेत. वस्तरा धरलेला हात तसाच ठेवून त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "मिरजेला अॅडमिट होताय काय? कधी हाय ऑपरेशन?" नाही म्हणायचा धीर झाला नाही. त्यानं पैसेही कमी घेतले आणि बाकड्यावरच्या दोघांनी काळजी घ्यायला सांगितलं.

खरी तयारी मात्र डोक्याची. लहानपणी आम्ही मुंबई-पुणे शर्यतीच्या बातम्या वाचायचो, ‘घाटाचा राजा’ कोण झाला ते बघायचो. घाट हा प्रामाणिक परीक्षक. ज्याच्या मांड्यांत जोर तो वर, बाकीचे खाली. कुपवाडात घाट नाही. सपाट रस्त्यावर भांडण असतं ते वाऱ्याशी, आणि वारा मोठा हिशेबी. वेग दुप्पट करायचा तर त्याला ढकलायला आठपट ताकद लागते. पण दुसऱ्याच्या चाकामागं वीतभर अंतरावर चिकटलात, तर पाव ते तिसरा हिस्सा मेहनत वाचते. म्हणजे ही शर्यत जोरकस माणूस जिंकत नाही. जो शेवटच्या दोनशे मीटरपर्यंत दुसऱ्याला वारा खायला लावतो, तो जिंकतो. हॉटेलात बिल आलं की ज्याची बुटाची नाडी सुटते, अशा माणसांसाठीच हा खेळ निघाला असणार. (सायकलच्या बुटाला हल्ली सहसा नाड्या नसतात, म्हणून मंडळी इतर उपाय करतात.)

हे ऐकून माझा आत्मविश्वास वाढला. सव्वीस वर्षं सरकारी नोकरी झाली आहे. दुसऱ्याच्या आड बसणं मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मला वाटलं. सरावासाठी तासगाव रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरमागं धावून पाहिलं. दोन ट्रॉल्यांच्या आडोशाला वारा म्हणून लागत नाही. डोक्यात एक मोळी पडल्यावर तो सराव थांबवला, पण तत्त्व पटलं होतं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही सतरा जण थंडीत काकडत उभे. दाताचे डॉक्टर, बेदाण्याचे व्यापारी, निवृत्त फौजदार, एक गणिताचे सर, बाकी अशीच पोटं. शिट्टी वाजली.

दुसऱ्याच फेरीत मी तिसऱ्या नंबरवर, डॉक्टरांच्या मागं. मस्त चाललं होतं. तेवढ्यात डॉक्टरांनी बाजूला होत उजवं कोपर हलवलं. सायकलच्या भाषेत याचा अर्थ, मी खाल्ला तेवढा वारा पुरे, आता तुम्ही या. आमच्या सांगलीत कोपर हलवून कुणी ‘या’ म्हटलं तर नको म्हणायची पद्धत नाही. मी गेलो. पहिल्या नंबरचे गृहस्थ आधीच मुकाट्यानं मागं सरकलेले, त्यामुळं गेलो तो थेट सगळ्यांच्या पुढं.

आता वारा माझा एकट्याचा. एक फेरी झाली, मी कोपर हलवलं. कुणी येईना. परत हलवलं. मागं वळून पाहिलं तर सोळा माणसं आभाळात काहीतरी शोधत होती. फौजदार तर मन लावून एका कारखान्याची पाटी वाचत होते. मी कोपर एवढं हलवलं की रस्त्याकडेच्या एका म्हातारबाबांनी मला परत हात केला. वेग कमी करावा तर सगळे कमी करणार आणि मी तरी पुढंच. शिवाय पुढं असल्यावर हळू जायची लाज वाटते हो. मागं लोक खोळंबले असतील, असं वाटत राहतं. हाच संस्कार आडवा येतो. तीन फेऱ्या मी पंधरा-सोळा जणांची वरात ओढली.

शेवटी जीव नकोसा होऊन पार मागं गेलो. तर मागं बसणंही फुकट नसतं. वळणावर पहिला जरासा ब्रेक दाबतो, दुसरा अंमळ जास्त, आणि सतराव्यापर्यंत येईतो जवळजवळ पाय टेकायची वेळ. मग पुढचे निघाले की उठून, दात-ओठ खाऊन गाठायचं. दर फेरीला चार वेळा. पंगतीतलं चौथं-पाचवं पान सगळ्यांत चांगलं: आमटी ढवळलेली असते आणि भांडं अजून रिकामं नसतं. इथंही तसंच. पण त्या पानांवर फौजदार आणि मंडळी मांडी ठोकून बसलेली.

सहाव्या फेरीला घंटा वाजली आणि लाऊडस्पीकर ओरडला, "या फेरीला जो पहिला, त्याला एक किलो बेदाणे!" याला ‘प्रीम’ म्हणतात, शर्यतीच्या मधेच टाकलेलं आमिष. शहाणा माणूस अशा वेळी शांत राहतो. मी पायात उरलेलं सगळं बेदाण्यांवर लावलं आणि अर्ध्या चाकानं हरलो. जिंकले कोण? बेदाण्याचे व्यापारी! ज्यांच्या गोदामात बेदाण्याला पाय ठेवायला जागा नाही, ते. मी हँडलवर आडवा पडून श्वास गोळा करतोय तोवर डॉक्टर बाजूनं सटकले. आमिषावर तुटून पडलेले दमले की तेव्हाच पळायचं असतं, हे मला नंतर कळलं.

डॉक्टर सुटले तसे व्यापारी पुढं आले आणि निवांत झाले. मी काळजीनं विचारलं, "दमलात काय हो?"

"वय झालं आता," ते म्हणाले.

मी म्हटलं, बिचारा. दोघं एकाच क्लबचे आहेत आणि मित्र लांब जाईपर्यंत मागच्यांचा वेग मारणं हेच त्यांचं काम, ही गोष्ट डॉक्टर दोनशे मीटर पुढं गेल्यावर गणिताच्या सरांनी मला समजावली. मधल्या काळात फौजदारांना पंक्चर झालं. बिघाड झाला तर एक फेरी माफ असते, शेवटच्या काही फेऱ्यांत ती सवलत नाही. फौजदार बरोबर सवलतीच्या वेळेत थांबले, पाणी प्यायले आणि ताजेतवाने होऊन पुन्हा घोळक्यात शिरले. चाकात हवा आधीइतकीच दिसत होती. पण फौजदारांना कोण विचारणार?

इथं मी मनाशी ठरवलं, आता शहाणं व्हायचं. व्यापाऱ्यांची पाठ चांगली रुंद आहे. त्या पाठीमागं मी असा लपलो की वाऱ्याची झुळूक नाही. पहिल्यांदा जमलं. दम परतला, मांड्या हलक्या झाल्या. त्या पाठीपलीकडचं काही दिसत नव्हतं, फेऱ्यांचा फळाही नाही. हँडलवरच्या यंत्रात वेळ होती, पण चाळिशी घरी राहिली होती.

घंटा वाजली. सगळे एकदम उठून वेड्यासारखे सुटले, माझी रुंद पाठसुद्धा. मी मनात हसलो. जावा बाबांनो, मरा बेदाण्यांसाठी. एकदा फसलो, आता नाही. मी आरामात, लयीत, ताकद राखून ती फेरी केली.

रेषेपलीकडं पाहतो तर सगळे हँडलवर माना टाकून रांगत होते. अगदी मला हवं होतं तसं! आमिषावर तुटून पडलेले दमले की तेव्हाच पळायचं. मी खाली वाकलो आणि जो हल्ला चढवला, तसा आयुष्यात चढवला नसेल. पहिल्या वळणावर मागं पाहिलं: कुणी नाही. दुसऱ्या वळणावर: कुणी नाही. तिसऱ्या वळणावर एक पोरगा रस्त्यावरचे शंकू गोळा करत होता, त्याला मी ओरडून बाजूला केलं. चौथं वळण मी जवळजवळ गुडघा टेकवून घेतलं आणि दोन्ही हात वर करून रेषा ओलांडली.

रेषेवर टेबल लागलं होतं. मंडळी चहा आणि भडंग खात होती. फौजदार कप घेऊन जवळ आले.

"साहेब, शर्यतीनंतर पाय मोकळे करायचे ते एवढ्या जोरात?"

"हो," मी म्हटलं, "डॉक्टरांनीच सांगितलंय."

त्यांनी माझ्या गुळगुळीत पायांकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मिरजेच्या का?"