थेंगा चटणी

इंटरमिजिएट म्हटलं की आमच्या पिढीला एकच गोष्ट आठवते, चित्रकलेची परीक्षा. एलिमेंटरी झाली की इंटरमिजिएट, ड्रॉईंग बोर्ड काखेत मारून जायचं, पाण्याच्या डब्यात ब्रश बुचकळायचा आणि स्थिरचित्रातला तांब्या कलंडलेला काढायचा. मला सी ग्रेड होती. त्यामुळं ऑडिओ एडिटिंगच्या क्लासवाल्या पोरानं फोनवर विचारलं, "सर, बेसिकला येणार का इंटरमिजिएटला?" तेव्हा मी छाती काढून इंटरमिजिएट म्हटलं. खरं कारण वेगळं होतं, बेसिकची बॅच दुपारी तीनला होती आणि सोलापुरात दुपारी तीनला घराबाहेर पडणारा माणूस एकतर आजारी असतो नाहीतर वसुलीवाला. इंटरमिजिएट शनिवार-रविवार सकाळी. "बेसिक येतं ना पण?" म्हणाला. मी मोबाईलवर रिंगटोन कापलेली आहे दोनदा, म्हटलं येतं की.

हे सगळं लफडं दाजींमुळं. दाजींचा गड्ड्यात, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, स्टॉल असतो, शेंगा चटणी आणि कडक भाकरी. संक्रांत आली की होम मैदानावर पाळणे, मौत का कुआँ, भेळ, बांगड्या सगळं लागतं आणि प्रत्येकाचा भोंगा एकमेकांच्या भोंग्यावर ओरडत असतो. दाजी म्हणाले, "सगळ्यांची रेकॉर्डिंग वाजतीय आणि मी काय घसा फाडत बसू का? तू दिवसभर कॉम्प्युटरपुढंच बसलेला असतोस, कर की एक मस्तपैकी." आता मी कॉम्प्युटरपुढं बसतो ते टॅलीत एन्ट्र्या मारायला. पण बहिणीच्या नवऱ्याला हे समजावून सांगता येत नाही, त्यांच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे कॉम्प्युटर.

तर सात रस्त्याजवळ एका गाळ्याच्या वरचा मजला, एसी, आणि माझ्या निम्म्या वयाची पाच पोरं. एक डीजेवाला, एकाचे वडील कीर्तनकार म्हणून तो आलेला, एक मुलगी पॉडकास्ट करणारी, बाकी दोघं कशाला आले होते त्यांनाही माहीत नव्हतं. सर 26 वर्षांचे. मी त्यांना सर म्हणायचो, ते मला सर म्हणायचे, आणि पोरं मला काका म्हणायची, त्यामुळं सर म्हटलं की आम्ही दोघंही वळून बघायचो.

पहिल्याच दिवशी सरांनी गाडी डायरेक्ट चौथ्या गिअरमध्ये टाकली. 48 किलोहर्ट्झ ठेवा, 24 बिट ठेवा, व्होकलची एक बस बनवा, त्यातनं रिव्हर्बला, म्हणजे घुमाऱ्याला, सेंड द्या. बाकीचे खटाखट क्लिक करत होते. बस म्हणजे काय हे विचारायला मला लाज वाटली, कारण मी बेसिक येतं म्हणून सांगितलेलं. शेवटी कीर्तनकाराच्या पोरानं हळूच सांगितलं, काका, चार-पाच ट्रॅक एकत्र बसवून पुढं पाठवायचे, एवढंच. म्हणजे वडापचं जीपडं. हे असं सांगितलं असतं तर पहिल्यांदाच कळलं असतं.

मला सगळ्यात त्रास आकड्यांनी दिला. आयुष्यभर मायनस म्हणजे तोटा हे डोक्यात बसलेलं. इथं आवाजाच्या मीटरवर सगळे आकडे मायनसमध्ये, मायनस 18 आलं की सर म्हणणार छान, मायनस 12 आलं की म्हणणार चालेल, आणि शून्याच्या वर गेलं की लाल दिवा आणि बोंब. शून्य म्हणजे छप्पर, त्याच्या वर डिजिटलमध्ये जागाच नाही, लाटेची टोकं सपाट कापली जातात आणि आवाज फाटतो. कुठल्याही सीएला दाखवा, शून्य बॅलन्स झाला म्हणून बोंब मारणारा धंदा दुसरा नाही.

कॉम्प्रेसर मात्र मला एका झटक्यात कळला. सर फळ्यावर आलेख काढत होते, थ्रेशोल्ड, रेशो, अटॅक, रिलीज, पोरं माना डोलवत होती, आणि माझ्या डोळ्यापुढं आई उभी राहिली. आम्ही चार भावंडं दंगा करायचो, एका पातळीपर्यंत आई काही बोलायची नाही, ती थ्रेशोल्ड. त्याच्या वर गेलं की दाबायची. रेशो 4 ला 1 म्हणजे तुम्ही 8 डेसिबल जास्त ओरडलात तर बाहेर फक्त 2 जाणार. अटॅक म्हणजे चप्पल यायला लागणारा वेळ. रिलीज म्हणजे राग उतरायला लागणारा वेळ. हे मी वर्गात बोलून दाखवलं तर सर म्हणाले बरोबर आहे सर, आणि तुमच्या आईंचा अटॅक किती होता? म्हटलं दहा मिलिसेकंदाच्या आत, आणि रिलीज दोन दिवस. त्या दिवसापासनं वर्गात मला जरा मान मिळायला लागला.

तो मान गेला होमवर्कमुळं. होमवर्क काय, तर घरी 30 सेकंद रूम टोन रेकॉर्ड करून आणा. म्हणजे कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, नुसता खोलीचा आवाज. बोलण्यातले तुकडे कापले की मध्ये भोकं पडतात, ती या आवाजानं बुजवायची, आणि सॉफ्टवेअरला हा आवाज ऐकवून सांगायचं की एवढा बाकीच्यातनं वजा कर. ऐकायला किती सोपं वाटतं ना.

आमचं घर पूर्व भागात. आमची भिंत आणि शेजारच्या अण्णांची भिंत एकच, आणि भिंतीपलीकडं अण्णांचे आठ यंत्रमाग. टॉवेलचे. खटक-खट, खटक-खट, दिवसपाळी आणि रातपाळी. लग्न होऊन आल्यावर बायको महिनाभर झोपली नव्हती, नंतर तिला माहेरी झोप येईना. मी पहिला प्रयत्न सुट्टीच्या दिवशी केला, माग बंद होते. पण नेमकं त्याच दिवशी नळाला पाणी आलं. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी, गल्लीतल्या प्रत्येक घरात मोटार सुरू, बायको खालनं ओरडते अहो टाकीचा कॉक बघा. रेकॉर्ड केलं तर 50 हर्ट्झचा तो वीजेचा हूं, त्याचा 100 चा भाऊ, 150 चा चुलतभाऊ, सगळं खानदान मीटरवर हजर. तेवढं सॉफ्टवेअरनं काढलं, ते एकसुरी आवाज बरोबर धरून काढतं. पण "कॉक बघा" निघालं नाही.

दुसरा प्रयत्न रात्री अडीचला. रातपाळी चालू. मग डोक्यात आलं की लाईट गेली तर माग थांबतील! लाईट जायची वाट बघणारा सोलापुरातला मी पहिलाच माणूस असेन. तिसऱ्या रात्री गेली. एकदम सगळं शांत, असं शांत की कानात सूं वाजायला लागलं. मी उडी मारून उठलो, माईकजवळ गेलो, आणि लक्षात आलं की आपला कॉम्प्युटर डेस्कटॉप आहे.

मग मेव्हणीचा लॅपटॉप आणला, चार्ज करून उशाला ठेवला. पाच दिवसांनी परत लाईट गेली. रेकॉर्ड दाबलं. एक, दोन, तीन... अकराव्या सेकंदाला आतल्या खोलीतनं आमचे वडील, आप्पा, "का थांबले रे माग? लाईट गेली का? आँ?" आप्पांनी तीस वर्षं मिलच्या साळखात्यात, म्हणजे मागांवर, काढली. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळं बोलतात जोरात, आणि मागाच्या आवाजात त्यांना गाढ झोप लागते, थांबला की जाग येते. मी हातानं गप्प बसायची खूण केली, पण अंधारात खूण कुणाला दिसणार. "कोणंय तिथं? अरे बोलत का नाहीस?" तीस सेकंदात आप्पांनी बायकोला उठवलं, बायकोनं पोरांना उठवलं आणि पोरगी चोर चोर करून रडायला लागली.

सोमवारी... नाही, शनिवारी, सरांनी ती फाईल वर्गात स्पीकरवर लावली. तुमचा रूम टोन फार जिवंत आहे म्हणाले.

रेकॉर्डिंग शेवटी चादरीखाली केलं. सोलापूरकराच्या घरी दुसरं काही नसलं तरी चादरी असतात. दोन कपाटांमध्ये दोरी बांधून सात चादरी टाकल्या आणि आत दाजी, मी आणि माईक. ऑक्टोबर हीट. इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, चादर खोलीतला घुमारा पिते, बाहेरचा आवाज अडवत नाही, त्याला जाड भिंतच लागते. म्हणजे माग आहे तिथंच होता, फक्त आमच्या घामाच्या धारा वाढल्या. दाजींनी शर्ट काढला. हेडफोनमध्ये दाजींना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत होता, कारण मी बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका घासात किती आवाज घेतो ते, 1024 वर ठेवलेला, नुसता तेवढाच 20-22 मिलिसेकंद खातो आणि वर बाकीचा उशीर वेगळा, त्यामुळं दाजी दारू पिल्यासारखे बोलायला लागले. बफर 128 केला तेव्हा शुद्धीवर आले.

मजकूर दाजींनीच लिहिलेला. "शेंगा चटणी, कडक भाकरी, भाऊ-बहिणींनो या, बघा, चाखा!" आता हे वाक्य म्हणजे ऑडिओवाल्याला घातलेला शापच की. भाकरीचा भ, भाऊचा भ, बघाचा ब, प्रत्येकाला तोंडातनं हवेचा फटका बसतो आणि माईक धप्प करतो. बायकोच्या भरतकामाच्या रिंगेत ओढणी ताणून माईकपुढं लावली, तेव्हा भ जरा माणसात आला. मग राहिला शेंगाचा श. श आणि स यांचा शिट्टीसारखा भाग पाच ते आठ हजार हर्ट्झला असतो, तो दाबायला डी-एसर नावाचा प्रकार आहे, आणि मी नवशिक्या, दिला पिळून. ऐकतो तर दाजी म्हणतायत "थेंगा चटणी". ताईला ऐकवलं तर ती हसून हसून खालीच बसली. दाजी म्हणाले, "गिऱ्हाईकाला थेंगा दाखवतोस का बे?"

एडिटिंगमध्ये मी रमलो, खोटं कशाला बोलू. दाजींचे सगळे अं आणि हं काढले, मग हुरूप आला म्हणून श्वासही काढले. बायको ऐकून म्हणाली, "अहो, दाजी श्वास कधी घेतात? मला इथं गुदमरल्यासारखं होतंय." तेव्हा सगळे श्वास कचऱ्याच्या डब्यातनं काढून परत एकेक जागेवर बसवले, प्रत्येक जोडाला बारीक क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा विरता विरता दुसरा चढवायचा. एका माणसाचे सतरा श्वास. यात माझा एक रविवार गेला आणि त्या दिवशीची जीएसटीची कामं राहिली ती वेगळीच.

मागाचा आवाज काही केल्या जाईना. हूं जातो, पंखा जातो, पण खटक-खट दर वेळी वेगळं असतं, जास्त ओरबाडलं की दाजी विहिरीच्या तळातनं बोलल्यासारखे येतात. तेव्हा मी म्हटलं जात नाही ना, मग राहू दे. भिंतीला माईक लावून नुसता माग रेकॉर्ड केला, टॅप करून टेम्पो काढला तर मिनिटाला 112 ठोके आला, आणि त्याचाच ठेका केला. वर उजव्या कानात कडक भाकरी मोडल्याचा कडाड, डाव्या कानात खलबत्ता. दाजींचा आवाज मात्र मधोमध कोंबल्यासारखा वाटत होता, तो मोठा, पसरलेला पाहिजे होता. रात्री कुठंतरी बघितलं की आवाजाची कॉपी करा, एक डावीकडं, एक उजवीकडं, आणि एकीचं फेज उलटं करा, म्हणजे लाट वरची खाली. केलं. आहाहा! हेडफोनमध्ये दाजी असे पसरले जसे काही हुतात्मा स्मृती मंदिराच्या स्टेजवर उभे आहेत. सरांनी वर्गात शंभरदा सांगितलेलं, पाठवायच्या आधी मोनोमध्ये, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, ऐका. पण शंभरदा सांगितलेलं कोण ऐकतं.

गड्डा सुरू झाला. मी मुद्दाम ऑफिसातनं लवकर निघालो. दाजींनी आप्पांनाही आणलेलं, स्टॉलच्या मागं खुर्ची टाकून बसवलेलं. भोंगेवाल्यानं पेनड्राइव्ह लावला, ॲम्प्लिफायरमध्ये डावं-उजवं एकाच वायरीत जोडलं आणि वरच्या पत्र्याच्या भोंग्यात सोडलं.

खटक-खट. खटक-खट. कडाड. खटक-खट.

दाजी माझ्याकडं बघतायत. "माझा आवाज कधी येणार?"

येणार कुठनं. उलटी आणि सुलटी लाट एकत्र आली की बेरीज शून्य. टॅलीतला माणूस मी, डेबिट-क्रेडिट सारखं झालं की खातं बंद होतं हे मला कुणी सांगायला नको होतं. दाजी संपूर्ण गायब, फक्त त्यांचा थोडा रिव्हर्ब शिल्लक राहिलेला, लांब कुणाच्या तरी बाथरूममधनं कोणीतरी कळवळून काहीतरी सांगतंय असा. खटक-खट, कडाड, आणि तो बाथरूममधला आत्मा. एक बाई थांबल्या, भाकरीच्या चवडीकडं न बघता सरळ मलाच विचारलं, "चादर कशी दिली?"

मी म्हटलं, "दाजी, एक मिनिट, घरी जाऊन एक बटण दाबून आणतो, एकच बटण." दाजी काही बोलले नाहीत. त्यांनी भोंगेवाल्याकडनं माईक घेतला, पेनड्राइव्ह उपटला आणि तोंड माईकला चिकटवून सुरू झाले, "या बे या, शेंगा चटणी, कडक भाकरी, काय बघलालाव नुसतं, खाऊन बघा!" भ धप्प, ब धप्प, श ची शिट्टी, सगळं फाटलेलं, मीटर असतं तर लालच्या खाली आलं नसतं. पाळण्याकडं चाललेली माणसं वळली. त्या चादरवाल्या बाईंनी अर्धा किलो चटणी घेतली.

मागनं खुर्ची करकरली. मागाचा आवाज बंद झाल्यामुळं आप्पांना जाग आली होती.

"का थांबले रे माग?"