‘गाठीला लोखंड लावू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गाठीला लोखंड लावू नका, सुई टोचली की कॅन्सर भडकतो. मराठवाड्यात इलाज नाही, मुंबई गाठावी लागते आणि त्यात शेत विकावं लागतं. त्यापेक्षा साखर सोडा, काढा घ्या. अशा अर्थाचा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरत असतो. पाठवणाऱ्याच्या मनात काळजीच असते, पण मजकूर चुकीचा आहे.

आधी सुईचं. स्तनातल्या गाठीची बायोप्सी म्हणजे जागा बधिर करून साधारण २ मिलिमीटर जाडीच्या सुईनं काढलेले, शेवईच्या तुकड्यांसारखे चार-पाच तुकडे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगायचं. दुसऱ्या दिवशी तिथं काळंनिळं पडतं, थोडी सूज येते. ती साकळलेल्या रक्ताची असते. मग ‘सुईनंतर पसरला’ असं का वाटतं? रिपोर्टला आठ-दहा दिवस जातात, घरातल्या चर्चेत पंधरा, आणि सोयाबीन निघू द्या म्हणत दोन महिने. गाठ तोवर आपल्या गतीनं वाढतच असते, बोल मात्र सुईला लागतो. सुईच्या वाटेवर पेशी रुजणं कधीच घडत नाही असं नाही, पण ते क्वचित. डॉक्टर ते धरूनच चालतात: वृषणाच्या गाठीत सहसा सुई घालत नाहीत, आणि हाडाच्या सार्कोमात (हाडाच्या कॅन्सरच्या एका प्रकारात) सुईची वाट ऑपरेशनमध्ये गाठीसोबत काढून टाकतात.

भ्यायचंच तर बिनतपासणीच्या ऑपरेशनला भ्या. ‘साधी गाठ आहे, काढून टाकू’ म्हणून गाठ निघते, तुकडा तपासायला जातच नाही, आणि कडेला काही उरलं का हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. गुटखा खाणाऱ्याचा कॅन्सरमुळे हलणारा दात असाच उपटला जातो आणि खळगा भरत नाही. तोंडातलं फोड-चट्टं तीन आठवड्यांत बरं झालं नाही, तर आधी तुकडा तपासा.

लॅबपर्यंत तुकडा नातेवाइकांनीच न्यायचा असेल तर बाटली बघून घ्या. आत फॉर्मॅलिन (तुकडा टिकवणारं औषधी पाणी) हवं, तुकड्याच्या दहापट. सलाईनमध्ये टाकलेला तुकडा सडतो आणि सुई पुन्हा खावी लागते. रिपोर्टसोबत तुकडा बसवलेले मेणाचे ब्लॉक आणि त्याच्या तपासणीच्या काचाही (स्लाइड) मागून घ्या, दुसरं रुग्णालय तेच मागतं. मे महिन्यात ते मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.

इलाज नाही म्हणता? छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आहे. ऑपरेशन, केमो, रेडिएशन तिथं होतं. रेडिएशनला तर जवळचंच ठिकाण बरं. तोंडाच्या कॅन्सरला ते आठवड्याचे पाच दिवस, सहा-साडेसहा आठवडे चालतं, आणि खाडे पडले की परिणाम घटतो.

शेत विकायचं म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, त्याच्याकडे रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा, हेल्पलाइन १५५३८८. दोन्हीकडे नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर काम अडतं, ते आधी नीट करून घ्या. गंमत अशी की केमो-रेडिएशनच्या मंजुरीला बायोप्सीचा रिपोर्टच लागतो. सुई टाळणारा फुकटच्या इलाजाचं दार स्वतःच लावून घेतो. राहणं, खाणं, बुडालेली मजुरी यांचा खर्च उरतोच, तो लपवण्यात अर्थ नाही.

परळच्या टाटाला जावंच लागलं तर रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात रुग्णालयाचं प्रमाणपत्र घ्या. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला भाडं पूर्ण माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत. मूळ कागद प्रवासात जवळ असू द्या. मुक्कामासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा.

साखर सोडल्यानं गाठ उपाशी मरत नाही. शरीर इतर अन्नापासूनही साखर तयार करतं. माणूस मात्र वाळतो, आणि वजन फार घटलं की केमो पुढे ढकलावी लागते. अंडी, वरण, शेंगदाण्याचं कूट, दही पोटात जाऊ द्या, दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. काढा चालू असेल तर डॉक्टरांना नावानिशी सांगा, काही काढ्यांनी केमोच्या काळात यकृत बिघडतं.