खुलासा: भूकंपात पलंगाशेजारी आडवं व्हायचं नाही

‘टेबलाखाली जाऊ नका, पलंगाला चिकटून झोपा, तिथे त्रिकोणी पोकळी राहते’ हा मेसेज पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या इमारतींसाठी हा सल्ला चुकीचा आहे. पोकळी कुठे राहील ते आधी कळत नाही, आणि हादऱ्यात पलंगच सरकतो. अशा इमारतींत लोक जास्त करून जखमी होतात ते अंगावर पडणाऱ्या वस्तूंनी: कपाट, काचा, माळ्यावरचे डबे.

हादरा बसताच गुडघ्यांवर या, मजबूत टेबलाखाली शिरा, एका हाताने टेबलाचा पाय घट्ट धरा. टेबल सरकलं तर त्याच्यासोबत सरका. टेबल नसेल तर खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीशी बसून डोकं-मान झाका. अंथरुणात असाल तर तिथेच, डोक्यावर उशी. लिफ्ट नको. हादरे थांबल्यावर गॅसचा रेग्युलेटर बंद करा.

पेठांतल्या दगड-मातीच्या वाड्यांचं गणित वेगळं. 1993 साली किल्लारीत अशाच जाड भिंतींनी माणसं गाडली. तळमजल्यावर, दाराशी असाल आणि समोर खरंच मोकळं अंगण असेल, तरच बाहेर पडा. बोळात कौलं आणि कठडे पडतात.

लोखंडी कपाट मात्र आजच वरच्या बाजूने दोन एल-क्लॅम्पनी भिंतीला आवळा. नुसत्या प्लास्टरमधला स्क्रू उपटून येतो, विटेपर्यंत भोक पाडा.